उभ्याने गायिलेले महाभारत

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’ नाटकाचा एक प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. भामिनी झाले होते बालगंधर्व, आणि धैर्यधर झाले होते केशवराव भोसले. त्यापूर्वी कित्येक वर्षे महाराष्ट्रातील रसिकांत या दोन नावांवरून सरळसरळ दोन तट पडलेले होते. एक तट म्हणे, गाणे ऐकावे ते केशवरावांचे. त्या आवाजाला धार आहे, तडफ आहे. दुसरा म्हणे, धार सुरीला असते, गाण्याला गोडवा लागतो, आणि तो बालगंधर्वांपाशी आहे. वाद गळ्यापाशी सुरू होई, परंतु तेथे थांबत मात्र नसे. तो हळूहळू चेहऱ्याकडे, नेसण्याकडे, कुंकवाच्या रेघेकडे सरके. बालगंधर्वांचे नेसणे आणि केशभूषा घरोघरच्या स्त्रियांनी उचलली होती; स्त्री कशी दिसावी हे एका पुरुषाने रंगपेटीच्या साहाय्याने ठरवून दिले होते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. केशवराव स्वतः बालवयात ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेत गाजले होते, याचा दाखला त्यांचे चाहते मोठ्या अभिमानाने देत. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला केशवराव वारले आणि वाद निकालावाचून राहिला. तो अद्यापही मधूनमधून ऐकू येतो.

मराठी श्रोत्याला ही हकीकत पाठ आहे. परंतु असाच एक वाद, याच दोन पेचांचा, गळ्याचा आणि चेहऱ्याचा, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे काही तासांच्या अंतरावर रंगला, आणि त्यात एका स्त्रीचे अवघे आयुष्य पणाला लागले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया गेले की मराठी बोल विरळ होऊ लागतो. डोंगरगड आणि राजनांदगाव ओलांडल्यावर शिवनाथ नदीच्या काठी दुर्ग लागते, आणि दुर्गला लागूनच भिलाई. आज भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे येते ते पोलाद. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या मुलखात एक अखिल भारतीय नगर उभे राहिले. परंतु हा मुलूख आपल्याला परका कधीच नव्हता. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरावर गेल्या तेव्हापासून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड या ना त्या रूपाने भोसल्यांच्या सत्तेखाली होते. बिंबाजी भोसले तर १७५८ पासून रतनपुरासच राहून कारभार पाहत. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर, तेव्हा दुर्गचे कागदही १९५६ पर्यंत नागपुरासच येत. एकाच प्रांताच्या दप्तरात इतकी वर्षे नांदूनही दोन लोकांना एकमेकांची गाणी ठाऊक नसावीत, हा दप्तराचा दोष म्हणावा की गाण्याचा, हे ठरविणे कठीण आहे.

या संबंधाची एक खूण मात्र त्या मुलखाच्या बोलीत राहून गेली आहे. छत्तीसगडच्या खेड्यांत रात्रभर चालणारा जो ‘नाचा’, त्यातील विनोदी वगाला तेथे ‘गम्मत’ म्हणतात. आपल्या तमाशातील गंमत आणि ती गम्मत यांचे नाते काय असावे यावर अभ्यासकांनी तर्क केलेले आहेत. शब्द मराठी फौजांबरोबर गेला असो वा नसो, वस्तू एकाच कुळीची आहे, हे पाहताक्षणी कळते.

या नाच्यापासूनच आरंभ केला पाहिजे. कारण पुढच्या वादाची सारी भूमिका तेथे तयार झाली. गावातील मोकळ्या जागी चार खांब रोवावे, वर चांदवा बांधावा, बस्स, रंगमंच झाला. पडदा नाही, विंग नाही. तीन बाजूंना प्रेक्षक, चौथीकडे वादक. जेवणखाण आटोपून लोक जमत आणि पहाट फुटेपर्यंत उठत नसत. पूर्वीच्या काळी वादक कमरेला वाद्ये बांधून उभ्याउभ्याच वाजवीत. त्या प्रकाराला ‘खडे साज’ म्हणत. मशालींच्या उजेडात प्रथम वाद्यांचा गजर होई, मग जोक्कड म्हणजे विदूषक येत, आणि मग येई ‘परी’.

परी म्हणजे स्त्रीवेषधारी पुरुष. डोक्यावर पितळी लोटा तोलून ती रिंगणात शिरे आणि लोट्याला हात न लावता नाचे. नाच्याची सारी मदार तिच्यावर. ती गात असे, लाजत असे, रुसत असे. प्रेक्षकांतून कोणी रुपया दाखवून बोलावले की त्याच्यापाशी जाऊन तो स्वीकारी आणि दात्याचे नाव गाण्यात गुंफी. दिवसा तोच इसम बहुधा कोणाच्या तरी शेतावर नांगर धरीत असे.

हे रूपांतर घडविणारी रंगपेटी मोठी साधी होती. मुर्दाडशिंग दगडावर उगाळून त्याचा पिवळसर लेप चेहऱ्यावर बसवीत, म्हणजे उन्हाने रापलेली कातडी झाकली जाई. गालाला व ओठांना लाली, डोळ्यांना काजळ, भुवयांना काजळी. जोक्कड आपले तोंड छुई नावाच्या पांढऱ्या मातीने आणि कोळशाने रंगवी. मुर्दाडशिंग हे शिशाचे भस्म होय. ते रात्रीमागून रात्री चेहऱ्याला फासणे देहाला हितकर नव्हते. पण मशालीच्या हलत्या, तांबूस उजेडात सौम्य रंग दिसतच नाहीत. दूरवर बसलेल्या म्हातारीला परीचे रुसणे कळायचे तर रंग भडकच हवा. तेव्हा परीचा चेहरा असा का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर उजेडात होते.

हा उजेड बदलला तो राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या एका मालगुजाराने. त्यांचे नाव दुलारसिंह साव; लोक त्यांना दाऊ मंदराजी म्हणत. १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी विशीच्या आतच, १९२८ च्या सुमारास, रवेलीची नाचा मंडळी बांधली. इतस्ततः विखुरलेल्या गुणी कलावंतांना त्यांनी एकत्र आणले. चिकाऱ्याच्या जागी बाजाची पेटी आणली आणि मशालीच्या जागी गॅसबत्ती. वादक खाली बसले. गॅसबत्तीच्या पांढऱ्या, स्थिर उजेडात परीचा लेप उघडा पडू लागला, तसा तो अधिक काळजीने लावणे भाग पडले, आणि प्रेक्षकही अधिक चोखंदळ झाले. रवेलीची परी सरस की रिंगनीची, अमक्याचा गळा की तमक्याची अदा, हे वाद बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून लोक घालीत. मंदराजींनी या छंदापायी आपली शेतीवाडी गमावली. १९८४ साली ते वारले तेव्हा एके काळचा मालगुजार विपन्नावस्थेत होता. आज राज्यशासन लोककलावंतांना त्यांच्या नावाचा सन्मान देते. शासनांना अशी स्मरणे बहुधा उशिराच होतात.

या परंपरेतील माणसे पुढे जगापुढे आली ती हबीब तनवीर यांच्यामुळे. मूळचे रायपूरचे असलेले हे नाट्यकार १९५८ साली इंग्लंड-युरोपातून परतले तेव्हा त्यांनी आपल्या गावी रात्रभर नाचा पाहिला, आणि मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम इत्यादी सहा कलावंतांना दिल्लीस नेले. कालांतराने देवार समाजातील फिदाबाई मरकाम त्यांच्या नाटकांत आल्या. ‘चरणदास चोर’ मधील त्यांची राणी देशात आणि परदेशांत गाजली. अर्थात देवारांच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या गाऊन-नाचूनच पोट भरीत आल्या होत्या. त्यांनी रंगमंचावर येण्याने समाजाची घडी मोडली, असे कोणास वाटले नाही. आपल्याकडे तमाशात प्रथम स्त्रिया आल्या, त्याही बहुतेक अशाच समाजांतून आल्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गरती घरची मुलगी मराठी नाटकात पुरुषांबरोबर उभी राहिली, ही गोष्ट नवी म्हणून गाजायला १९३३ साल आणि ‘आंधळ्यांची शाळा’ उजाडावी लागली.

नाच्यात मनोरंजन होते. पांडवानीचे तसे नव्हते. तिच्यात धर्म होता.

पांडवानी म्हणजे पांडवांची वाणी, छत्तीसगडी बोलीत गाऊन सांगितलेले महाभारत. परधान आणि देवार या भाट-गायकांच्या परंपरेत तिची मुळे शोधतात. परधान आपल्या चांद्याकडच्या आणि यवतमाळकडच्या गोंडवनातही आहेत. या महाभारताचा नायक अर्जुन नाही, कृष्णही नाही. नायक भीम आहे. जो भरपूर खातो, चटकन् रागावतो, आणि द्रौपदीचा अपमान विसरू शकत नाही, तो शेतकऱ्याला आपला वाटतो. गायकाच्या एका हातात तंबोरा, दुसऱ्यात करताल. साथीला पेटी, तबला, ढोलक, मंजिरी. आणि सर्वांत महत्त्वाचा ‘रागी’. हा सहगायक गायकाच्या प्रत्येक वाक्याला हुंकार भरतो, मध्येच शंका काढतो, अडाणी श्रोत्याच्या वतीने प्रश्न विचारतो. आपल्या कीर्तनात जे काम झिलकऱ्यांकडे असते त्याहून रागीचे काम अंमळ मोठे. तो नसेल तर कथा पुढे सरकत नाही.

या गायनाच्या दोन शाखा मानतात. एक वेदमती, दुसरी कापालिक. वेदमती गायक ग्रंथाला धरून चालतो. हा वेद म्हणजे संस्कृत वेद नव्हे. सबलसिंह चौहान यांनी सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीला दोहा-चौपायांत रचिलेले हिंदी महाभारत, हा त्यांचा आधारग्रंथ. वेदमती गायक गुडघे मोडून, वीरासनासारखा बसून गातो. कापालिक गायकाचा ग्रंथ त्याच्या कपाळात, म्हणजे डोक्यात असतो. ऐकलेले, आठवलेले, रचलेले असे सारे तो सांगतो. आणि तो उभा राहतो, फिरतो, झुंजतो. दुर्ग जिल्ह्यातील बासीन गावचे झाडूराम देवांगन हे वेदमतीचे महर्षी. त्यांच्या बैठकीत तंबोऱ्याच्या नुसत्या हालचालीने रणांगण उभे राहत असे, असे ऐकणारे सांगत. रिंगनीचे पूनाराम निषाद हे त्यांचेच शिष्य; त्यांना २००५ साली पद्मश्री मिळाली.

चाहत्यांचा वाद येथे खरा रंगला. वेदमतीचे पक्षपाती म्हणत, महाभारत ही पोथी आहे, ती बसून, आदराने सांगावी. उभे राहून हातवारे केले की कथेचा नाचा होतो. कापालिकाचे अभिमानी म्हणत, भीम दुःशासनाची छाती फोडतो तेव्हा तो काय मांडी घालून बसलेला असतो? आणि पोथीत नाही म्हणून आजाने सांगितलेली गोष्ट खोटी ठरते काय? दोन्ही बाजूंचे म्हणणे निर्बुद्ध नाही. मौज अशी की या दोन शाखांची सरहद्द लोक समजतात तितकी पक्की नाही. उभे राहून गाणाराही सबलसिंहांच्या चौपाया आधाराला घेतो, आणि बसून गाणाराही आपल्या पदरचे घालतोच. वाद ग्रंथाचा म्हणून सुरू झाला, तरी लोकांच्या मनात तो हळूहळू बसण्या-उभे राहण्याचा होऊन बसला.

आणि बसणे-उठणे म्हटले की बाईचा प्रश्न आलाच. स्त्रियांनी पांडवानी गाऊ नये असे कोणी म्हणत नव्हते. काही स्त्रिया गात असत. मात्र बसून गात. उभ्याने गाणे हे पुरुषांचे. याला शास्त्राधार कोणी दाखविल्याचे ऐकिवात नाही. ज्या गावांत परीचा वेष घेतलेला पुरुष रात्रभर डोक्यावर लोटा घेऊन नाचे आणि थोर-थोर मंडळी त्याला रुपये देत, त्याच गावांत एखादी स्त्री चार माणसांत ताठ उभी राहून खणखणीत आवाजात बोलली, तर ते निर्लज्जपणाचे ठरे.

भिलाईपासून सुमारे १४ किलोमीटरवर गनियारी नावाचे खेडे आहे. तेथे २४ एप्रिल १९५६ रोजी, म्हणजे पोलादाच्या कराराला वर्ष उलटून गेल्यावर, पारधी समाजातील एका कुटुंबात एक मुलगी जन्मली. तिचे नाव तीजन. आईचे वडील ब्रिजलाल पारधी महाभारताच्या कथा गात, आणि ही पोर त्या ऐकता ऐकता पाठ करी. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून तिला काही मार्गदर्शन मिळाले. अक्षरओळख नव्हती, अर्थात पोथीचा प्रश्नच नव्हता, जे होते ते कपाळात. बाराव्या वर्षी लग्न झाले. तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातील चंदखुरी गावी तिने पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी मिळाली १० रुपये.

ती उभी राहिली होती.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे, कारण अशा गोष्टी सर्वत्र सारख्याच घडतात. पारधी समाजाने तिला वाळीत टाकले. तिने स्वतःसाठी एक लहानशी झोपडी उभारली, शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणली, प्रसंगी धान्यही मागून आणले, आणि एकटी राहू लागली. गाणे सोडले नाही. पारधी समाज आपल्या महाराष्ट्रातही आहे. परकीय राजवटीने ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत त्याच्याही शाखा होत्या, आणि त्या शिक्क्याचे भोग त्या समाजाने किती भोगले हे सर्वश्रुत आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याही वेशीबाहेर ही मुलगी काढली गेली. तिचे पहिले लग्न टिकले नाही. त्या वयात आणि त्या स्थितीत तिच्यापाशी होते काय, तर एक तंबोरा आणि एक असामान्य आवाज.

त्या आवाजाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. तीजनबाईंचा आवाज ज्याला आपण गोड म्हणतो तसा नाही. तो भरड आहे, खालच्या अंगाला घोगरा, आणि वर चढला की फुटलेल्या शिंगासारखा दूर जाणारा. बालगंधर्वांच्या चाहत्यांना तो एक क्षणही रुचला नसता. केशवरावांच्या चाहत्यांनी कदाचित मान डोलावली असती. त्या आवाजात त्या भीम होतात, दुःशासन होतात, आणि लागलीच द्रौपदी होतात. तंबोऱ्याच्या टोकाला मोरपिसांचा गुच्छ बांधलेला असतो. तो तंबोरा खांद्यावर आला की भीमाची गदा; आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य; कधी रथ, आणि कधी द्रौपदीचे ओढले जाणारे केस. दुःशासनवधाच्या प्रसंगी तर प्रेक्षक मागे सरकतात.

आता चेहऱ्याकडे पहावे. भीम होण्यासाठी तीजनबाई मिशा लावीत नाहीत, रंग फासत नाहीत, मुकुट घालीत नाहीत. कपाळावर ठसठशीत कुंकू, भांगात शेंदूर, विड्याने रंगलेले ओठ. अंगावर छत्तीसगडच्या कोणत्याही शेतकरणीने सणाला घालावे तसे दागिने: गळ्यात रुपयांची माळ, कमरेला करधन, दंडात नागमोरी, मनगटात ऐंठी, पायांत तोडे. हा सारा शृंगार स्त्रीचा आहे आणि तो स्त्रीचाच राहतो. त्या शृंगारातून भीमाचा रोष बाहेर पडतो. नाच्यातील परीने चेहरा झाकून स्त्री दाखविली. येथे काहीही न झाकता पुरुष दाखविला जात होता, आणि त्यात पुन्हा तो पुरुष एका स्त्रीच्या अपमानाचा सूड घेणारा. समाजाला खुपले ते बहुधा हेच असावे. झाकलेल्या गोष्टीचे कौतुक करणे सोपे असते, कारण मुर्दाडशिंग पहाटे धुतले जाते आणि परी पुन्हा पुरुष होऊन शेतावर जाते. तीजनबाईंना पहाटे धुवून टाकण्याजोगे काही नव्हते.

चाहते मात्र वाढत होते. वाळीत टाकणारी पंचायत एक असते, आणि ऐकणाऱ्यांची पंचायत दुसरी. या दुसऱ्या पंचायतीची बैठक भरण्यास भिलाई ही जागा मोठी सोयीची झाली. पोलादाच्या कारखान्यात आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, महाराष्ट्र अशा नाना प्रांतांची माणसे आली होती, तशीच आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुलेही पाळीवर लागली होती. जी बाई गनियारीत वाळीत होती तिच्याविषयी कारखान्याच्या वसाहतीत कोणाला सुतक असण्याचे कारण नव्हते. हंगामावर बिदागी देणाऱ्या गावाच्या जागी महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा प्रेक्षक आला होता. पुढे कारखान्याने छत्तीसगडी लोककलांचे महोत्सव भरविण्याची प्रथा पाडली आणि तीजनबाईंना आपल्या सेवेतही घेतले. ज्या कारखान्यासाठी भातखाचरे गेली, त्याच कारखान्याने भातखाचरांतील गाण्याला आसरा दिला, अशी ही थोडी विचित्र फिटंफाट.

दुसरा आधार होता आकाशवाणीचा. रायपूर केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि छत्तीसगडी बोलीतील ‘चौपाल’ हा ग्रामीण कार्यक्रम व त्यातील ‘बरसाती भैया’ घरोघरी जाऊन पोहोचले. झाडूरामांसारख्यांची पांडवानी, जी पूर्वी चार गावांपुरती असे, ती आता भाताचे पीक येते तेथवर ऐकू जाऊ लागली. ध्वनिक्षेपकापुढे एक नवलाची गोष्ट घडते: तेथे कोण बसला आहे आणि कोण उभा आहे हे श्रोत्याला दिसत नाही. चेहरा नाही, नेसणे नाही, काजळ नाही. बसण्या-उठण्याचा वाद खरे तर रेडिओच्या पेटीपाशी मिटायला हवा होता. तो मिटला नाही. उभ्याने गाणाऱ्याचा श्वास निराळा लागतो, स्वर छातीतून निराळा निघतो, पायांतील तोडे मध्येच वाजतात. कान तयार असलेल्याला ते कळते, आणि नसलेल्याला आपल्याला कळले असे वाटते. चाहत्यांच्या वादाला तेवढे पुरेसे होते.

तीजनबाईंचे गाणे हबीब तनवीर यांच्या कानांवर गेले आणि दिल्लीचा रस्ता उघडला. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापुढे त्यांचे गायन झाले. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, मॉरिशस अशा देशांत त्या गेल्या. भाषा न कळणाऱ्या लोकांपुढे त्या छत्तीसगडीतच गात. १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दूरदर्शनवर आली. तिच्या महाभारतावरील भागात तीजनबाई दिसल्या, आणि ज्या चेहऱ्यावर कोणताही मुखवटा नव्हता तो सगळ्या देशाने एकाच वेळी पाहिला. पद्मश्री, १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण, असा मानमरातबाचा क्रम आहे. त्यांनी स्वतः मात्र बैठक सोडल्याचे किंवा पोथी धरल्याचे कधी झाले नाही.

म्हणून वेदमती हरली काय? तसे मुळीच नाही. भिलाईतच रुआबांधा ही वस्ती आहे. तेथील ऋतू वर्मा यांनी अगदी लहान वयात पांडवानीला आरंभ केला, आणि त्या गातात वेदमती पद्धतीने, गुडघे मोडून बसून. त्यांचा स्वर पातळ, सुरेल, लवचिक आहे. त्यांचे चाहते म्हणतात, संगीत म्हणून ऐकायचे तर हे; तिकडे सगळी आरडाओरड. तीजनबाईंचे चाहते म्हणतात, संगीत ऐकायचे तर संगीत सभेला जावे, येथे महाभारत चालले आहे. तिकडे उभ्याने गाणाऱ्या स्त्रियांचीही आता ओळच लागली आहे. भिलाईच्याच उषा बारले यांनी तीजनबाईंपाशी शिकून कापालिक अंगाने गाणे केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शांतीबाई चेलक यांचेही नाव या वाटेवर आदराने घेतले जाते. ज्या कृत्याबद्दल एका मुलीला समाजाबाहेर काढले गेले, ते आता लहान मुलींना शिकविले जाते. आईबाप त्यांना घेऊन येतात आणि कोपऱ्यात बसून ऐकतात.

नाच्याची परी मात्र मागे पडली. स्त्रिया रंगमंचावर आल्या, विजेचे दिवे आले, बाजारात तयार रंग आले, आणि मुर्दाडशिंग उगाळणारे हात थोडे उरले. १९७१ साली दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’ हा नव्या थाटाचा प्रयोग उभा केला, तेव्हा खुमान साव यांच्या चाली आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते ऐकण्यास हजारोंनी लोक लोटले. त्यापुढे गाण्याचे वाद त्या चालींवरून होऊ लागले. डोक्यावर लोटा घेऊन हात न लावता नाचणारा पुरुष आता एखाद्या महोत्सवातच पाहावयास सापडतो, आणि त्याच्या सौंदर्याविषयी भांडणारे म्हातारे त्याहून कमी.

पांडवानीचे भांडण तेवढे चालू आहे. भिलाईतील एखाद्या कार्यक्रमात एकाच रात्री एक गायिका बसून गाते आणि तिच्यामागून दुसरी उभी राहते. मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी पाळीवरून परतलेले कामगार आणि खेड्यांतून आलेले शेतकरी हिरीरीने दोन्हींची उणीदुणी काढतात, कोणाचा भीम खरा आणि कोणाचे कुंकू अधिक ठसठशीत इथपर्यंत. मग आतून पेटीचा सूर लागतो, रागी आपला पहिला हुंकार भरतो, आणि सगळे कप खाली ठेवून घाईघाईने जागेवर जाऊन बसतात.